नऊ हजार चारशे अकरा

आमच्या गावात साठीच्या पुढच्या कुठल्याही पुरुषाला गिरणीच्या मैदानावरच्या त्या फुटबॉल फायनलबद्दल विचारा, तो गोल नंतर सांगतो, आधी गर्दी सांगतो. कोणी वीस हजार म्हणतो, कोणी पंचवीस. पानठेल्यावर बसणारे एक गृहस्थ लाखाच्या खाली उतरायलाच तयार नसतात. गावची वस्ती, गुरंढोरं धरूनही, तेव्हा एवढी नव्हती. पण आमची गिरणी आणि कामठीची टीम यांच्यातला तो सामना म्हणजे गावाच्या आयुष्यातली एकच मोठी गोष्ट, तेव्हा लोकांनी ती जमेल तेवढी वाढवून ठेवली आहे.

एकच माणूस असा होता, की त्याला विचारलं तर तो गाडीची वेळ सांगावी तसा सांगायचा, "नऊ हजार चारशे अकरा."

ते गुलाबराव उरकुडे. गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी बाबू होते. मूळ घर नाचणगावचं, शेतीवाल्यांचं. भावांनी शेती पाहिली, यांनी गिरणी धरली. गिरणी बंद पडली तरी ते क्वार्टरच्या ओळीतच राहिले. माझं घर त्यांच्यापासून तिसरं. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून सगळ्या गावाची मी 'मॅडम'. त्यांचीही. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नाही. मी त्यांना काका म्हणायची.

उंच, सडपातळ, मानेत थोडा बाक. पांढरा पायजमा आणि शर्ट. शर्टाला खाली दोन्ही बाजूंना दोन मोठे खिसे, शिंप्याला सांगून मुद्दाम लावून घेतलेले. स्पर्धेच्या दिवशी सकाळी उजव्या खिशात चिंचोके भरायचे आणि मैदानाच्या गेटावर उभं राहायचं. शंभर माणूस आत गेलं, की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. सामन्याला तिकीट नव्हतं, मग मोजायचं कशाला? तर पाण्यासाठी. स्पर्धेची कमिटी मैदानात रांजण ठेवायची, आणि किती रांजण भरायचे हे काकांच्या आकड्यावर ठरायचं. उन्हाळ्याच्या तोंडी सामने. एका वर्षी अंदाजानं रांजण भरले आणि माणसं चक्कर येऊन पडली, तेव्हापासून हे काम काकांकडे आलं.

गेटावर उभं राहायचं म्हणजे तोंड रस्त्याकडे आणि पाठ मैदानाकडे. म्हणजे एवढ्या वर्षांत या माणसानं एक सामना धड पाहिला नव्हता. "मॅच आयकूनच समजे मले," ते सांगायचे. "गोल झाला तं आवाज वर जाते. खांबाले लागला तं वर जाते अन् अर्ध्यातून पडते." त्या फायनलचा गोल हेडरनं झाला की पायानं, यावर गावात अजून भांडणं होतात. काकांना कोणी पंच नेमलं, की ते हात जोडायचे, "मले माणसं इचारा. गोल इचारू नका."

त्या दिवशी गेटातून नऊ हजार एकशे चौसष्ट आत गेले. एक्क्याण्णव चिंचोके आणि वर चौसष्ट. मध्यंतरात ते आत गेले आणि भिंतीवर चढून बसलेले दोनशे छत्तीस मोजून आले. कडुलिंबाच्या झाडावर अकरा होते. "झाडावरचे काऊन मोजले?" असं कोणी चिडवलं तर उत्तर तयार असायचं, "उतरून पाणी पेलेच नं ते!"

मोजायची ही खोड गिरणी बंद पडल्यावर गेली नाही, उलट मोकाट सुटली. माझ्या दिराचं लग्न सिंदीला होतं. काका मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. पहिली पंगत बसायच्या आत त्यांनी माझ्या यजमानांना बोलावलं. "सातशे वीस झाले. नवरीकडची एक गाडी याची हाय अजून. भात लावा." आचाऱ्याला राग आला. चाळीस वर्षं लग्नं काढतोय म्हणाला, मला कोणी शिकवू नये. दीड तासानं नवरीच्या मामांच्या पानावर नुसतं वरण आणि जिलेबी होती. मामा अजून आमच्याकडे जेवायला बसले, की आधी भात आहे का विचारतात.

त्यांच्यापुढे 'खूप', 'बरेच', 'ढीगभर' असं काही बोलायची सोय नव्हती. आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा मानपत्र मी लिहिलं. त्यात सवयीनं लिहून गेले की सरांनी असंख्य विद्यार्थी घडवले. काकांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "शाळेत रजिस्टर नाई काय मॅडम?" मला राग आला. मराठी माझा विषय, हजेरी त्यांचा. पण दुसऱ्या दिवशी मी आणि शिपाई जुनी रजिस्टरं काढून बसलो. सरांच्या वर्गातून गेलेली मुलं निघाली चार हजार साठ. समारंभात मी तो आकडा वाचला आणि सर, जे तोवर कडक चेहऱ्यानं बसले होते, ते रडायला लागले. घरी जाताना सुद्धा म्हणत होते, "चार हजार साठ!" 'असंख्य'नं त्यांना रडू आलं नसतं, हे मला कबूल करावं लागलं.

पण काका आकड्याचे वेडे असले तरी आकड्याचे आंधळे नव्हते. गिरणीतले एक जुने कामगार पुढारी वारले. पेपरात छापून आलं, 'हजारोंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार'. काका पेपर घेऊन माझ्याकडे. "तीनशे बारा होते. त्यातले चौदा तं नुसते रस्त्यानं जाणारे, हुबे राह्यले होते. संपादकाले पत्र लिहून द्या." मी म्हटलं, काका, त्यांची बायको वाचेल ना ते. त्यांनी पेपराची घडी घातली. "बरोबर हाय तुमचं. आकडा खरा असला म्हणून साऱ्याच जागी सांगाचा नाई."

सुमनकाकू, म्हणजे त्यांची पत्नी, जाऊन बारा वर्षं झाली होती. ती अगदी कमी बोलणारी बाई होती. काकांच्या मोजण्यावर तिनं कधी टीका केली नाही आणि कौतुकही केलं नाही. तुरीच्या शेंगा सोलत दारात बसायची, आणि काका बाहेरून आले की न विचारता पाण्याचा तांब्या समोर ठेवायची. एवढंच मला तिचं आठवतं.

मागच्या वर्षी जुन्या खेळाडूंच्या मंडळानं ठरवलं, की मैदानाच्या गेटाशी दगडी पाटी लावायची. मैदान कोणाच्या घशात जायच्या आधी त्याचा इतिहास दगडावर कोरून ठेवावा, असा विचार. विचार चांगला होता. मंडळाचे अध्यक्ष प्रभाकर झाडे, त्या फायनलचे गोलकीपर. मजकूर लिहायला अर्थात मी. झाडेंनी मला फोनवर सांगितलं, "मॅडम, पंचवीस हजार टाका. मैदान वाचवाचं तं आकडा दमदार पायजे."

मी काकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि झाडेंना बोलावणं पाठवलं. झाडे आले. हा पंचाहत्तरीतला गोलकीपर काकांसमोर खुर्चीच्या कडेवर बसला.

"पऱ्या, तू गोलात हुबा होता का गेटावर?"

"गोलात."

"मंग?"

"बाबू, लोकायले तेवढं वाटते नं पण."

"वाटलेलं पेपरात छापतेत. दगडावर मोजलेलं लिहितेत."

झाडे हरले. नऊ हजार चारशे अकरा ठरलं. काका त्या दिवशी इतके खूश होते की मला माझ्या फाटकापर्यंत सोडायला आले. सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचा आकडा दगडावर जाणार होता. त्यांच्याजवळ दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

मी घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. त्यांचं सगळं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. त्या म्हणाल्या, "त्याच्यात मी हाय काय?"

"तुम्ही? तुम्ही होत्या सामन्याला?"

"म्हंजे! साऱ्या बाया राहो. गठाणीच्या ओट्यावर."

गिरणीच्या कापसाच्या गठाणी जिथं उतरवायचे तो दगडी ओटा गेटाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे. तिथून भिंतीवरून मैदान दिसायचं. बायकांनी गेटातून जायचं नाही असं कोणी कधी सांगितलं नव्हतं, पण जायच्या नाहीत. क्वार्टरच्या मागच्या गल्लीतून ओट्यावर जाऊन उभ्या राहायच्या, लेकरं काखेत घेऊन.

आता मी जे केलं त्याचं मला पुढं पुष्कळ दिवस वाईट वाटत राहिलं. मला ती गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी काका दिसले तेव्हा मी हसत हसत विचारलं, "काका, त्या नऊ हजारांत ओट्यावरच्या बाया धरल्या का हो?"

ते म्हणाले, "बायायले पाणी नाई लागे रांजणाचं. त्या घरून पिऊन येत."

"हो, पण होत्या ना?"

"होत्या," ते म्हणाले, आणि घरात निघून गेले.

दोन दिवस दार लावलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या फाटकाशी उभे. दाढी केलेली नव्हती. "मॅडम, पाटी थांबवा. झाडावरचे अकरा मोजले म्या. समोर ओटा भरून बाया होत्या, त्या नाई मोजल्या. पन्नास वर्षं लोकायले सांगून राह्यलो का माहा आकडा पक्का हाय."

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. वही घेऊन दारोदार. जी बाई स्वतः म्हणेल मी होते, तिचं नाव. जी गेली तिच्यासाठी, 'मी तिला तिथं पाहिलं' असं सांगणारी दुसरी बाई पाहिजे. ऐकीव चालणार नाही. क्वार्टरच्या म्हाताऱ्यांना आधी हसू आलं, मग त्या एकमेकींना आठवून द्यायला लागल्या. माझ्या सासूबाईंनी एकटीनं सतरा नावं सांगितली. पंधरा दिवसांत एकशे अडतीस नावं झाली. झाडे रोज फोन करायचे. दगड आलेला, कोरणारा खोळंबलेला, आमदारांची तारीख घेतलेली.

प्रत्येक घरातून उठताना काका एक प्रश्न विचारायचे. मी दोनतीनदा बरोबर होते म्हणून मला माहीत. चप्पल घालता घालता, सहज विचारल्यासारखं. "आमच्या घरची आलती काय हो?"

कोणालाच आठवत नव्हतं. सुमन बोलतच नव्हती, लक्षात कशी राहणार? एकीनं त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, असंल नं, आली असंल. काकांनी वही उघडली नाही. नियम त्यांचा त्यांनाच आडवा आला होता. घरी तिला विचारायला जवळजवळ चाळीस वर्षं होती आणि त्यांनी विचारलं नव्हतं. मला ते रस्त्यात एकदाच म्हणाले, "तिनं मॅच पाह्यली का नाई, एवढं बी मले मालूम नाई मॅडम."

सासूबाईंना शेवटी शांताबाई आठवली. उरकुड्यांच्या भिंतीला भिंत लागून तिचं क्वार्टर होतं. आता ती अल्लीपूरला मुलाकडे असते. रविवारी यजमानांनी गाडी काढली आणि आम्ही काकांना घेऊन गेलो.

शांताबाई खाटेवर बसली होती. नजर अधू, पण आवाज खणखणीत. काकांना आवाजावरून ओळखलं. "भाऊजी! कसं काय आले इतक्या दूर?"

काकांनी वही उघडली आणि आधी तिचं स्वतःचं नाव विचारून लिहिलं. मग ओट्यावर तिच्या बाजूला कोण कोण होतं ते विचारलं. चप्पल घालायची वेळ यायच्या आतच ती म्हणाली, "अन् माह्या उजव्या बाजूनं सुमन."

काकांचा पेन थांबला. "पक्कं हाय? डोयानं पाह्यलं?"

"डोयानं काय, दोघी संगच जावो. दर मॅचले. त्याच दिवशी नाई काई." शांताबाई हसली. "पण तिची कायची मॅच हो! आमी सांगो, अवं सुमन, तिकडं पाय, गोल झाला. हे बाई तुमच्याकडे पाहे. तुमचं तोंड ओट्याकडेच नं. म्हणे, सकायपासून हुबे हायेत, पाण्याचा घोट नाई. मंग तांब्या भरून देये माह्या हाती. मी गेटाच्या खांबाजवय ठेवून देवो. तुमचं ध्यान मोजण्यात."

"कोणता तांब्या?"

"आता कोणता! पितळेचा. तुमी पेत नोहोते काय?"

काका हळू म्हणाले, "मले वाटे कमिटीचा होय."

"कमिटी कायले देते? रांजण आत, तुमी बाहीर."

"तिनं सांगतलं नाई कधी."

"तुमी इचारलं होतं?"

शांताबाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं साधा प्रश्न विचारला होता. काकांनी मान हलवली, नाही म्हणून. मग वहीत तिच्या नावाखाली सावकाश लिहिलं, सौ. सुमन गुलाबराव उरकुडे. एकशे चाळीस. सून चहा घेऊन आली. मी खिडकीकडे बघत राहिले, कारण माझ्यानं त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

परत येताना त्यांनी पाटीचा मजकूर सांगितला. मी म्हटलं, काका, एकशे चाळीस मिळवून आकडा लिहू या ना. ते म्हणाले, "नाई. ओट्यावर याच्या किती पट होत्या कोणाले मालूम? अर्ध्या मरून गेल्या. आता मोजता येत नाई. मी सांगतलं तसंच लिहा."

झाडे संतापले. दगडावर कोणी चूक कोरून ठेवतं का? माझ्याकडे आले, की मॅडम तुम्ही तरी समजवा. मी सांगितलं, मजकूर मी लिहिणार असेन तर हाच, नाहीतर दुसरं कोणी शोधा. झाडेंनी दोन दिवस शोधलं असेल. मग बायकोशी बोलून त्यांचा फोन आला, "माह्यी बुडी बी होती म्हणते ओट्यावर. लिहा बाप्पा."

पाटीच्या कार्यक्रमानंतर आठवड्यानं मी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले. तीन महिन्यांनी परत आले तेव्हा काका नव्हते. झोपेतच गेले म्हणतात. म्हणून माझ्यासाठी ते त्या कार्यक्रमातलेच.

मांडव गेटासमोर होता. पुढे पुढारी, मग खेळाडू, आणि डाव्या अंगाला क्वार्टरच्या म्हाताऱ्या. वहीतल्या जिवंत बायका झाडून सगळ्या आल्या होत्या. शांताबाईला मुलानं गाडीतून आणलं होतं. आमदारांनी पडदा ओढला आणि माईकवर पाटी वाचायला लागले. "या मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यास नऊ हजार चारशे अकरा पुरुष हजर होते. समोरच्या ओट्यावर गावच्या बायका होत्या. त्या मोजल्या नाहीत. चूक माझी. गुलाबराव उरकुडे, मोजणारा." शेवटच्या ओळींपाशी ते अडखळले आणि कागदात काही वेगळं आहे का बघू लागले. म्हाताऱ्यांमधून आधी हसणं आलं, मग टाळ्या.

काकांना व्यासपीठावर बोलावलं. ते उठले, पण वर गेले नाहीत. बायकांच्या बाजूला वळून त्यांनी हात जोडले आणि तिकडेच चालत गेले. शांताबाईच्या उजवीकडे ओळीनं दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तिनं हातानं चाचपून जवळची खुर्ची दाखवली, "बसा भाऊजी."

ते तिच्या पलीकडच्या खुर्चीवर बसले. मधली तशीच राहिली. कार्यक्रम लांबला, माणसं मागे उभी होती. दोघातिघांनी ती खुर्ची मागितली, काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवून मान हलवली आणि शेवटपर्यंत कोणाला बसू दिलं नाही.